तिच्या नावावर तेरा पॉइंट दोन

बायकोचं नाव मी तोंडानं घेत नव्हतो. आमच्यात तशी रीत नाही. ती मला "अवो" म्हणायची, मी तिला "ऐकलीस का" म्हणायचो, त्यावर चाळीस वर्षं निघाली. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. पण शेवटची सहा वर्षं मी तिचं नाव रोज लिहीत होतो. बोटानं. दिवसाला आठ वेळा, कधी दहा वेळा. रक्त तपासायच्या मशीनमध्ये.

सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत एक कारखाना आहे. लहान गावातल्या लॅबला लागतात तसल्या, टेबलावर मावणाऱ्या मशीन तिथं जोडतात. जोडून झाल्या की त्यात सॉफ्टवेअर टाकायचं असतं. ते टाकल्याशिवाय मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मी तिथं वॉचमन म्हणून लागलो. त्याआधी टॉवेलच्या मागावर होतो, ते बंद पडलं. शिक्षण चौथी. सॉफ्टवेअर टाकणारा माणूस एक दिवस पुण्याला निघून गेला, तेव्हा मालक मला म्हणाले, "मामा, गेटवर बसून काय करता? हे करून बघा. वाचायचं काही नाही, चित्रं ओळखायची."

भिंतीवर कागद लावला होता. एकतीस पायऱ्या. पेन ड्राइव्ह घाला, निळी पट्टी भरेपर्यंत थांबा, डावीकडचं बटण दाबा, परत थांबा, मशीनचा नंबर टाका. एका मशीनला पाऊण तास जायचा. शेवटी तपासणी. एक छोटी बाटली असते, त्यात मापाचं रक्त. त्याचा आकडा आधीच माहीत असतो. ते मशीनला पाजायचं. मशीन पेशंटचं नाव विचारते, तिथं 'टेस्ट' टाकायचं. चिठ्ठी बाहेर आली की आकडा जुळतो का बघायचा. हिमोग्लोबिन तेरा पॉइंट दोन. नवी बाटली आली की एखादा पॉइंट हलायचा, पण तेराच्या आसपासच. धडधाकट माणसाचं रक्त.

सहा महिन्यांत हात बसला. तेव्हा एकदा घरी बायकोनं विचारलं, "अवो, दिसभर त्या डब्यासमोर बसून करता काय?" सांगून तिला कळेना. मग मी मुलीला कुर्डुवाडीला फोन लावला आणि तिच्या आईचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते विचारून कागदावर अक्षरं काढून घेतली. दुसऱ्या दिवशी 'टेस्ट'च्या जागी ते नाव टाकलं. पुढं वय, अठ्ठावन्न. चिठ्ठी खिशात घालून घरी आणली.

ती चिठ्ठी उजेडाला धरून उलटीसुलटी करत म्हणाली, "ह्यात मी कुटं हाय?"

मी बोट ठेवलं.

"आनि हा आकडा?"

"तुजं रक्त. तेरा."

"म्हंजे चांगलं?"

"लई चांगलं."

"बघा, सुई न टोचता पास झाले की मी!" असं म्हणून तिनं ती चिठ्ठी देवळीत, विभूतीच्या गोळ्याखाली ठेवली. रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडली तर तिचं नाव कुठं छापून आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघालो तर दारातून ओरडली, "उद्याचा पेपर आना येताना!"

तेव्हापासून तेच अंगवळणी पडलं.

यात एक भानगड होती, ती इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. 'टेस्ट' नावानं केलेली नोंद मशीन लॅबमध्ये पहिल्यांदा चालू झाली की आपोआप पुसली जाते. दुसरं कुठलंही नाव असेल तर ते खऱ्या पेशंटचं धरून मशीन ठेवून घेते. म्हणून मी रोज प्रत्येक मशीनमधून बायकोचं नाव हातानं पुसायचो. चिठ्ठी फाडली की लगेच. माझी बत्तिसावी पायरी. ती भिंतीवरच्या कागदावर नव्हती. खोडी माझी, निस्तरणंही माझं.

मग तिला थकवा यायला लागला. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. तळहात पांढरे दिसायचे, मला वाटायचं भाकरीच्या पिठानं. देवळीतला विभूतीचा गोळा भराभर झिजायचा. मी म्हणायचो, म्हातारपणी भक्ती वाढली हिची. ती तो गोळा नखानं खरवडून खात होती, हे मला फार नंतर कळलं. अंगात रक्त नसलं की माणसाला माती, राख, खडू असलं खावंसं वाटतं, असं डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा सांगून काय उपयोग.

मी एकदा म्हणालो होतो, "ये की कारखान्यात. एक थेंब द्यायचा, दोन मिनिटात कळतंय."

तिनं देवळीकडं हात केला. "रोज चांगलं येतंय की माजं. कशाला टोचून घ्यायचं?"

दोघंही हसलो. मीही हसलो. मला ठाऊक होतं ते रक्त बाटलीतलं आहे. तिलाही ठाऊक होतं. पण सहा वर्षं रोज एक चिठ्ठी घरात येते, तिच्यावर नाव बायकोचं, आकडा तेराचा. खोटं असलं तरी कानावर, डोळ्यावर रोज पडलं की माणूस त्याला टेकून बसतो.

सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तिचं खरं रक्त पहिल्यांदा मशीनला लागलं. साडेतीन. पोटात आतल्या आत झिरपत होतं म्हणे, वर्षभर तरी. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बेलाची पानं घालतात, मग माती. मी वरून बघत होतो. तिचं तोंड माझ्याकडं होतं. माती गळ्यापर्यंत आली तरी ती बसूनच होती, जिन्यात दम खात बसायची तशी. ते बसणं माझ्या डोळ्यांतून गेलं नाही.

दिवस झाल्यावर कामावर गेलो. मशीन समोर घेतली. एकतीस पायऱ्या केल्या. नावाच्या जागी आलो तिथं बोट थांबलं. थोड्या वेळानं नाव टाकलं. चिठ्ठी आली, तेरा पॉइंट दोन. मग पुसायचं बटण. ते दाबवेना. मशीन विचारते, 'ही नोंद कायमची काढायची का?' चौथी शिकलेल्यालाही सहा वर्षांत तेवढं इंग्रजी कळतं. मी पडदा बंद केला आणि मशीनवर पांढरं कापड टाकलं. दुसऱ्या मशीनचंही तेच. तिसऱ्याचंही.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. तिशीच्या असतील, शहरातल्या विणकराच्या घरातल्या, फोनवर आईशी तेलुगूत बोलायच्या. मालकांनी त्यांना एका कामासाठी घेतलं होतं: सॉफ्टवेअर हातानं टाकायचं बंद करून ते आपोआप टाकलं जावं. ऑर्डरी वाढल्या होत्या आणि माझ्या दोन हातांना उरकत नव्हतं.

त्यांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि लॅपटॉपची वायर माझ्या मशीनला जोडली. "मामा, तुम्ही रोज करता तसंच करा. मी फक्त लॅपटॉपमध्ये उचलून घेते."

"माजी नोकरी उचलताय म्हना की."

"नोकरी नाही हो. तुमची पाठ वाचवतेय."

"पाठीनं कवा तक्रार केली तुमच्याकडं?"

त्या हसल्या. माणूस चांगलं होतं. मी मशीनला हात घातला. एकतीस पायऱ्या. नावाच्या जागी येऊन थांबलो, चष्मा काढला, पुसला, घातला, नाव टाकलं. चिठ्ठी फाडली. पुसलं नाही.

मॅडमनी विचारलं, "कागदावर तर 'टेस्ट' आहे. हे नाव कुणाचं?"

"टेस्टचंच हाय ते," मी म्हणालो. "आदीपासून हेच टाकतोय."

"मग ठीक." त्यांनी लिहून घेतलं.

खोटं तिथं बोललो. बत्तिसावी पायरी सांगायची जागाही तीच होती, आणि मी गप्प बसलो. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही असं म्हणता येईल. पण मला सगळं कळत होतं.

पुढं महिनाभरानं एके दिवशी, भर दुपारी, त्यांनी मला आत बोलावलं. बाहेर मार्च महिन्याचं ऊन, पत्रे तडतडत होते. आत एसीची खोली, काचा बंद. दहा मशीन एका ओळीत मांडलेल्या. बाटल्या मीच लावून ठेवल्या होत्या. मॅडमनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि हात बाजूला घेतले.

दहाही पडदे उजळले. दहा निळ्या पट्ट्या एकाच वेगानं भरत गेल्या. मग प्रत्येक पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. माझा हात थोडा कापतो, त्यामुळं माझा बाण नेहमी बटणाच्या जरा पुढं जातो आणि मागं येतो. हे दहाही बाण पुढं गेले आणि मागं आले.

मी म्हणालो, "मॅडम, हे कोन करतंय?"

"तुम्हीच. तुमचं जसंच्या तसं उचललंय आधी. सफाई नंतर करीन."

खोलीत कुणी कशाला हात लावला नव्हता. मशीनचे नंबर भरले गेले. मग नावाची जागा आली, आणि दहाही मशीन थांबल्या. काहीच हलेना. मी नकळत डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो नाकावर बसतोय तोच दहाही पडद्यांवर तिचं नाव एकेक अक्षर उमटायला लागलं.

मग दहा चिठ्ठ्या एकदम खरखरल्या. मी ओळीतून चालत गेलो. तिचं नाव, अठ्ठावन्न, तेरा पॉइंट दोन. तिचं नाव, अठ्ठावन्न, तेरा पॉइंट दोन. शेवटच्या मशीनपर्यंत तेच. जमिनीत बसवलेली बाई मला दहा तोंडांनी सांगत होती, अवो, माजं चांगलं हाय.

मॅडमनी टाळी वाजवली. "पाऊण तासात दहा, मामा!"

मी पांढरी कापडं घेतली आणि एकेका मशीनवर टाकली.

त्यानंतर माझं काम म्हणजे बाटल्या लावणं, कापडं टाकणं आणि खोक्यावर लेबल चिकटवणं. पण मशीन नावापाशी थांबायची वेळ आली की मी हातातलं सोडून काचेपाशी जायचो. ती थांबायची, मीही थांबायचो. मग खरखर. पोरंटोरं देवळात घंटेला जातात तसा जायचो म्हणा. घरी देवळीतल्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या तर निम्म्या कोऱ्या झालेल्या. तो कागद उन्हानं, उष्णतेनं उडतो, शाई नसतेच त्याला. आकडे आधी गेले, मग नाव गेलं. सोलापूरच्या उन्हानं तिला घरातून पुसायला घेतलं होतं. मशीनच्या पोटात मात्र ती पक्की होती. दोन महिने त्या मशीन गाड्यांत भरून गावोगाव गेल्या, आणि प्रत्येकीत ती बसलेली. मला ते बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

मग मंगळवेढ्याहून फोन आला.

मालकांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं. मी लेबलाचा गठ्ठा घेऊन दारातच होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिथल्या लॅबमध्ये आमची नवी मशीन बसली होती. बाजारच्या दिवशी खेड्यातली एक म्हातारी आली, अशक्तपणा म्हणून डॉक्टरनं पाठवलेली. लॅबवाल्यानं रक्त घेतलं, नुसतं नाव टाकलं, मशीनला लावलं आणि गर्दीत दुसऱ्या कामाला लागला. नंतर नाव शोधून चिठ्ठी काढली. तेरा पॉइंट दोन. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, बाई घरी गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला चैन पडेना, बाईचे डोळे पांढरेफट्ट होते आणि आकडा धडधाकट. त्यानं परत बघायला लावलं. मशीनमध्ये त्या नावाच्या दोन नोंदी निघाल्या. एक आमची. दुसरी त्या बाईची, चार पॉइंट आठ. आता बाईचा पत्ता कुणाकडंच नव्हता. दुपारच्या एसटीनं गेली आणि गावाचं नाव एवढंच लॅबवाल्याच्या लक्षात होतं.

मालक मॅडमवर उखडले होते. "हे नाव आलं कुठनं? कोण ही बाई?"

"सर, रेकॉर्डिंगमध्ये होतं. मला वाटलं ठरलेलं नाव आहे."

"वाटलं? माणूस मरेल तिकडं! तुम्हाला काय वाटलं ते सांगू त्यांना?"

मॅडम रडायच्या बेतात होत्या. मी आत गेलो. "मालक, त्यांना बोलू नका. ती माजी बायको हाय."

मालकांनी मॅडमकडं बघितलं. "कोण? मॅडम?"

"न्हाय हो. ती मशीनमधली."

"मामा, तुमची मिसेस तर..."

"व्हय. मेलीय." आणि मग सगळं सांगितलं. उभ्यानंच. चिठ्ठीची खोडी, बत्तिसावी पायरी, पुसलं नाही ते, मॅडमना खोटं सांगितलं ते. मालक खाली बसले. मॅडमनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मालक म्हणाले, "लॅबवाला शोधतोय तिला. तुम्ही घरी जा."

"लॅबवाल्याला लॅब हाय. मला कोन हाय?" मी म्हणालो, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं मंगळवेढ्याला गेलो.

लॅबवाल्यानं खरी चिठ्ठी काढून पाकिटात घालून दिली. चार पॉइंट आठ. त्या गावाची गाडी धरून बाराच्या सुमाराला फाट्यावर उतरलो. ज्वारीची रानं नांगरून पडलेली, काळी, भेगाळलेली, बघवत नव्हती. गाव भाजून निघालेलं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. एक पिठाची गिरणी तेवढी चालू होती.

गिरणीवाल्यापुढं उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, आळी नाही. माझ्याकडं फक्त ते नाव होतं. ते तोंडानं घ्यायला लागणार होतं.

मी म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही. गिरणीचा आवाज.

"आं?" गिरणीवाला ओरडला.

परत म्हणालो, मोठ्यानं. तरी त्याला कळेना. त्यानं हातानं 'थांबा' म्हटलं आणि पट्टा उतरवला. गिरणी घरघरत घरघरत बंद झाली. सगळं गाव एकदम गप्प झालं. "हां, आता बोला. कोन पायजे?"

त्या शांततेत मी बायकोचं नाव घेतलं. चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं ते. आवाज केवढा मोठा निघाला, भिंतीवर आपटून माझ्याकडं परत आला.

गिरणीवाल्यानं मान हलवली. "कंची? दोगी हायत. एक गेली उन्हाळ्याच्या सुरवातीला. एक हाय."

"जी हाय ती," मी म्हणालो.

"वरल्या आळीला जावा. निळं दार."

वरल्या आळीला निळी दारं तीन निघाली. प्रत्येक दारात ते नाव घेतलं. पहिल्या घरात कुणी नव्हतं. दुसऱ्यात एक म्हातारा नुसता बघत बसला. तिसऱ्या दाराशी एक सून धुणं पिळत होती. मी नाव घेऊन विचारलं, हितं राहतात का.

"हाय की," ती मान वर न करता म्हणाली. "आत बसलीय."

उंबऱ्यावर माझा पाय अडला. उन्हातून आलेलो, आत काळोख. डोळे सरावायला वेळ लागला. मग भिंतीला टेकून कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसलं. पदर डोक्यावर, तोंड माझ्याकडं. काहीच हलत नव्हतं. गळ्यापर्यंत काळोख होता. मी परत फिरलो असतो. खरंच फिरलो असतो.

"कोन हाय ओ?" ती म्हणाली. आवाज घोगरा, परका. मग जिवात जीव आला.

मी आत जाऊन बसलो. तिच्या मुठीत कच्चे तांदूळ होते, एकेक दाणा तोंडात टाकत होती. तळहात पिठासारखे. तिच्या घरात तेव्हा पीठ मळलेलं नव्हतं.

"बाई, मी सोलापूरहून आलोय. तुमच्या रक्ताच्या तपासनीचं सांगाया."

"ते व्हय? ते झालं की." तिनं कोपऱ्यातल्या फळीकडं हात केला. देवाच्या फोटोमागं घडी घालून ठेवलेली चिठ्ठी होती. "माजं चांगलं आलंय."

हात तसाच, बोलणं तेच.

"चांगलं आलं न्हाय," मी म्हणालो.

"डॉक्टर म्हनला की. तेरा हाय म्हनला."

"ते तुजं न्हाय!" मी ओरडलोच. परक्या बाईला 'तू' म्हणालो हेही कळलं नाही. "ते माज्या बायकोचं हाय. आनि तिचं पन न्हवतं ते. बाटलीतलं होतं. ती बी असंच म्हनली, माजं चांगलं येतंय. मी ऐकून घेतलं. जिन्यात बसायची, माती खायची, मी हसत होतो. जमिनीत बसवून आलोय तिला मी. ऊठ."

सून हातातलं धुणं तसंच घेऊन दारात आली. म्हातारी माझ्याकडं बघत होती. तांदूळ चघळायची थांबली होती.

"तुमच्या मालकिनीचं नाव बी तेच?" तिनं विचारलं.

"तेच."

मी पाकिटातली खरी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

मी नावावर बोट ठेवलं. मग आकड्यावर. "हे तुजं. चार पॉइंट आठ."

तिनं मुठीतले तांदूळ खाली ठेवले. मग सुनेला म्हणाली, "त्याला फोन लाव. गाडी आन म्हनावं."

तिचा मुलगा कुणाची तरी जीप घेऊन आला. संध्याकाळपर्यंत तिला सोलापूरच्या दवाखान्यात भरती केली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्या रक्ताची चिठ्ठी परत निघाली, चार पॉइंट सहा. दोन दिवसांत अजून उतरलेलं. रक्त चढवायला घेतलं तेव्हा मी उठून घरी आलो.

मालकांनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी गेलेल्या मशीनची यादी माझ्यापुढं ठेवली, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "नाव तुम्ही सांगा." त्या अजून रागात होत्या, आणि त्यांचा राग बरोबर होता. मी एकेका लॅबला फोन लावला. पलीकडचा माणूस विचारायचा, कुठलं नाव काढायचं? मी नाव सांगायचो. तो म्हणायचा, परत सांगा. मी परत सांगायचो. मग तिकडं बटणाचा आवाज, आणि "काढलं". दिवसभर तेच. चाळीस वर्षांचं नाव त्या एका दिवसात घेऊन झालं, आणि दर वेळेला ते पुसायलाच घेतलं.

कारखान्यातल्या मशीनमध्ये आता 'टेस्ट' येतं. मॅडमनी माझी कापरी चाल काढून टाकली, बाण सरळ बटणावर जातो. एक राहिलं होतं. त्यांनी विचारलं, "मामा, नावापाशी हे एवढं थांबतंय. हे काढू?"

"काडा की. फुकट येळ जातोय."

त्या "बरं" म्हणाल्या. मशीन अजून थांबतात. त्यांच्या लक्षात राहिलं नाही की राहिलं, मी विचारलं नाही. दहाही एकदम थांबतात, काचेबाहेर मी लेबलं चिकटवत असतो, आणि मग 'टेस्ट' उमटतं.

परवा दुपारी घरी होतो. देवळीतल्या चिठ्ठ्या आता सगळ्या कोऱ्या आहेत, मी त्या तशाच ठेवल्यात. फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला.

पलीकडून बाई बोलली. तिनं आधी आपलं नाव सांगितलं. म्हणाली, मी अमुक बोलतीय.

फोन कानाला धरून भिंतीला टेकलो.

"ऐकताय न्हवं?" ती म्हणाली. "माजं रक्त चांगलं आलंय आता. धा आलंय."

मी विचारलं, "सुई टोचून घेतली का?"

"घेतली की. हे काय, काळंनिळं झालंय दंडाला."

"तुजंच हाय न्हवं मग?"

"माजंच," ती म्हणाली. "आनि कुनाचं असनार?"